पाला परत टाकण्याची समाजसेवा

आमच्या आत्याच्या गावातली सगळी मोहाची झाडं मी एका दुपारात चोरली. चोरी नववीच्या मुलांकडून करवून घेतली आणि तो वेळ त्यांच्या समाजसेवेत धरला.

हे मी अभिमानाने सांगत नाही. अभिमान होता तो त्या संध्याकाळी ट्रॅक्टर येईपर्यंत. त्यानंतर जे आलं ते अजून गेलेलं नाही. आत्याच्या गावावरून जाणारी पोंभुर्ण्याकडची बस समोरून गेली तरी मी ओढणी तोंडावर ओढून घेते.

मी ऊर्जानगरची. वडील वीज केंद्रात, आम्ही क्वार्टरमध्ये, आणि मी कॉलेजपासून पत्रकांमध्ये. घुग्घुसच्या रस्त्यावरच्या धुळीविरुद्ध पत्रक, ताडपत्री न टाकता कोळसा नेणाऱ्या ट्रकांविरुद्ध पत्रक, आमच्याच कॉलनीतल्या गळक्या टाकीविरुद्ध पत्रक (टाकी वडिलांच्याच विभागाकडे होती, त्यामुळे घरात बरेच दिवस फक्त कुकर बोलायचा). पत्रकाची सवय वाईट असते. पहिल्या ओळीत दोषी कोण ते सांगायचं, दुसऱ्या ओळीत लाज काढायची, तिसऱ्या ओळीत 'उठा' म्हणायचं. पुढे पुढे माणूस घरातही तसाच बोलायला लागतो. आई म्हणाली, "कोथिंबीर आण," तर मी विचारायचे, "कोथिंबीर आणण्याची जबाबदारी या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोणावर ढकलली गेली आहे?" आई म्हणायची, "राहू दे, मीच आणते." मला वाटायचं, मी जिंकले.

तर आमच्या वसाहतीतल्या शाळेने नववीच्या मुलांना समाजसेवेचे तास भरायला सांगितले. मुलांनी ते कसे भरले? वृद्धाश्रमात केळी वाटली. एक केळं, चार विद्यार्थी, आठ हात आणि एक फोटो. मग वृक्षारोपण केलं, तेही गेल्या वर्षीच्याच खड्ड्यात, कारण गेल्या वर्षीचं रोप मेल्यामुळे खड्डा तयारच होता. हे पाहून माझं रक्त उसळलं. (माझं रक्त उसळायला फार काही लागत नाही, पण या वेळी कारण रास्त होतं.) मी एका बैठकीत पत्रक लिहून काढलं: 'विद्यार्थ्यांनो, उठा! समाजसेवेच्या पंचवीस कल्पना.' शेजारच्या आजोबांना फोनवरून वीजबिल भरायला शिकवा, बसस्टँडवर उन्हाळ्यात माठ भरून ठेवा आणि रोज धुवा, लहान वर्गातल्या मुलांना गोष्टी वाचून दाखवा. कल्पना वाईट नव्हत्या. आजही नाहीत. वाईट होती ती एकच गोष्ट: त्या राबवायला मी स्वतः निघाले.

माझी सगळ्यात लाडकी कल्पना मोहाची होती. आमच्याकडे मार्चात मोह गळायला लागतो. पहाटे फुलं टपटप पडतात आणि ती वेचायची तर खालची जमीन मोकळी हवी. म्हणून पुष्कळ लोक झाडाखालचा पाला पेटवून देतात. पाला जळतो, आग पुढे सरकते, आणि तिला शीव कळत नसल्यामुळे जंगल जळतं. मी लिहिलं: 'आग नको, खराटा हवा! विद्यार्थ्यांनी मोहाखालचा पाला झाडून द्यावा, त्याचं खत करावं, आणि एकेक झाड दत्तक घ्यावं.' वाचून मला स्वतःलाच गहिवरून आलं.

गाव निवडायला वेळ लागला नाही. माझ्या वडिलांची बहीण, सुमनआत्या, जंगलाला खेटून असलेल्या एका गावात एकटी राहते. मी तिला फोन लावला. तिथे फोनला रेंज कुंपणापाशी एका पायावर उभं राहिलं की येते, त्यामुळे आत्या थोडक्यात बोलते.

"आत्या, मी शनिवारी शाळेची मुलं घेऊन येतेय. गावाची सेवा करायला."

"गावाले काय झालं?"

"काही झालं नाही गं. झाडांखालचं झाडून देणार आहोत."

"माह्या आंगणातल्या?"

"सगळ्याच."

"ये मंग. पण शनवारी मी नाई. लग्न हाये बाजूच्या गावात, सारा गाव चालला. चावी कौलाखाली हाये."

एवढ्यावर तिचा दुसरा पाय जमिनीवर टेकला आणि फोन कटला. आत्या अंगणातल्या लिंबाबद्दल बोलत होती आणि मी जंगलाबद्दल, हे दोघींनाही कळलं नाही. मी त्या गावाला लहानपणापासून जात होते, पण दिवाळीत. मार्चात आमच्या परीक्षा असायच्या. त्यामुळे त्या गावातला मोहाचा कायदा मला ठाऊक नव्हता. ठाऊक नसताना मी त्यावर पत्रक लिहिलं होतं, आणि छापलं होतं.

शनिवारी मी, मुलं आणि त्यांचे एक शिक्षक दोन दिवसांच्या शिबिरासाठी उतरलो तेव्हा गावात कुलपं, शेळ्या आणि एक कोंबडा एवढेच होते. लग्नाचं मला माहीत होतं. तरीही मी मुलांसमोर म्हणाले, "पाहिलंत? ही समाजाची उदासीनता."

"ताई, ते लग्नाला गेलेत ना?" वेदांत नावाच्या मुलाने विचारलं. हा मुलगा पुढे वकील होणार.

"सगळेच्या सगळे?" मी म्हणाले. यात काय उपहास होता ते मलाही सांगता येणार नाही, पण मुलांनी झाडू उचलले.

मुलांनी घरून झाडू आणले होते. कोणी खराटा, कोणी पलंगाखाली फिरवायचा मऊ झाडू, एकीने तर गाडीची काच पुसायचा ब्रश. पण पोरं मेहनती निघाली, हे सांगायलाच हवं. गावाच्या रस्त्यापासून नाल्यापर्यंत आणि नाल्यापलीकडेही, दिसेल त्या मोहाखाली त्यांनी गोल स्वच्छ अंगण करून टाकलं. पाला पोत्यांत भरून आत्याच्या घरामागे नेला, खड्ड्यात टाकला, त्यावर गोठ्यातलं शेण कालवून ओतलं आणि पायांनी तुडवला. माझ्या डोळ्यांसमोर पुढचं पत्रक तयार होत होतं.

मग दत्तकविधी. झाडाला ओळखीचं काहीतरी बांधायला हवं होतं. रिबिनी आणायला मी विसरले होते. आत्याच्या परसातल्या कुंपणावर एक पोपटी साडी टांगलेली दिसली. जुनी, उन्हाने विटलेली, मध्ये दोन भोकं. माकडं हाकलायला टांगलेली असणार, हे उघडच होतं. मी ती काढली, टराटरा फाडली आणि प्रत्येकाच्या हातात चिंध्या दिल्या. संध्याकाळपर्यंत झाडून साऱ्या मोहांच्या बुंध्यांना पोपटी पट्टे बांधून झाले. इतकं सुंदर दिसत होतं ते, की मी मुलांना रस्त्याच्या कडेला रांगेत उभं केलं. म्हटलं, गाव परत येईल, ते पाहू दे.

आता त्या गावातला मोहाचा कायदा सांगते, जो मला तासाभराने कळला. जंगलातली मोहाची झाडं कोणाच्या नावावर नसतात. पण कोणतं झाड कोणत्या घराचं, हे गावाला ठाऊक असतं. फक्त तो हक्क दर वर्षी नव्याने सांगावा लागतो. कसा? मोह गळायच्या आधी त्या झाडाखाली खराटा फिरवायचा आणि आपल्या घरच्या जुन्या कपड्याची चिंधी बुंध्याला बांधायची. झालं. झाड त्या हंगामापुरतं तुमचं. त्या गावात पाला जाळत नसत. ते पिढ्यान्‌पिढ्या झाडतच होते. आणि लग्न आटोपलं की दुसऱ्या दिवशी सगळे झाडायला निघणार होते.

आणि ती पोपटी साडी नेसून आत्या त्या गावातल्या निदान निम्म्या लग्नांत वाढायला उभी राहिली होती. ती साडी गाव आत्याच्या चेहऱ्याच्या आधी ओळखायचं.

तर ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत सारं गाव उभं होतं, लग्नाचं जेवलेलं, खुशीत, गाणी म्हणत. पहिल्या झाडापाशी गाणं थोडं मंदावलं. तिसऱ्या झाडापाशी बंद पडलं. आमच्यापाशी येईपर्यंत ट्रॉलीत फक्त इंजिनाचा आवाज होता. आत्या मधोमध होती. प्रत्येक पोपटी पट्ट्यासरशी ती थोडी थोडी खाली जात होती, शेवटी तिचा अंबाडाच काय तो दिसत होता.

आत्याच्या शेजारची पारबताबाई आधी बोलली. "काऊन वो सुमन, इतका मोहा कुठी वाळवशीन? आंगण तं तुहं येवढंसं हाये."

मला वाटलं, लोकांना भरून आलंय. खरंच वाटलं. निःशब्द समुदाय मी त्याआधी कधी पाहिला नव्हता, माझ्या सभांमध्ये लोक मध्येच उठून जातात. मी पुढे झाले आणि भाषण केलं. म्हणाले, "आजपासून ही सगळी झाडं आमची आहेत!" (पत्रकातलं वाक्य. अर्थ असा की आम्ही त्यांची काळजी घेऊ.) मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी पुढे म्हणाले, "आणि यामागची प्रेरणा आहे माझी सुमनआत्या."

अंबाडाही दिसेनासा झाला.

बैठक लगेच भरली, समाजमंदिरापुढे. गावचे भूमिया बिजारामभाऊ मधे बसले. भूमिया म्हणजे गावाच्या देवाचं आणि शिवेचं बघणारा मानाचा माणूस, झाडाचा तंटा त्यांच्यापुढेच जातो. मी त्यांना पत्रक दिलं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं, घडी घातली आणि बुडाखाली ठेवलं, कारण ओटा तापलेला होता.

"झाडलं कोणं?" त्यांनी विचारलं.

"मुलांनी. सेवाभावाने."

"भाव नाई विचारून राह्यलो. चिंधी कोणाची?"

मी आत्याकडे पाहिलं. आत्या माझ्याकडे पाहत नव्हती.

"मंग झाडं सुमनबाईचे झाले," बिजारामभाऊ म्हणाले. आवाजात राग नव्हता, पंखा बंद करावा तसं म्हणाले.

"मले नाई पाह्यजे गा भाऊ," आत्या उभीच राहिली. "माह्ये तीन झाडं. तीनच. बाकीचे ज्याचे त्याले वापस देल्ले."

"वापस कसे देतं?" मागून एक जण म्हणाला. "सुमनबाईनं देल्ले म्हून आम्ही वेचाव का? आमच्या बापाचे झाडं आमाले दान भेटन?"

"बराबर," दुसरा म्हणाला. "उद्या म्हणन, माह्या मेहेरबानीनं खाल्ले."

मी हात वर केला. मला वाटलं, इथे संवादाची गरज आहे. "मुळात नैसर्गिक साधनसंपत्तीवर कोणा एका घराचा हक्क असावा का, हा प्रश्न..."

"तू बस," आत्या म्हणाली.

"आत्या, मला फक्त..."

"बस म्हन्लं ना. इतकीच झाडाची हौस होती तं जसा उचलला तसा टाक पाला परत, अन जाय आपल्या ऊर्जानगरले."

आत्या हे रागात बोलली. पण बिजारामभाऊंनी मान हलवली. "हे चालते," ते म्हणाले. "चिंध्या सोडा. पाला वापस टाका. सारं पयल्यासारखं करा. मंग सोमवारी पहाटे जो तो आपापलं झाडन."

अशा रीतीने माझ्या शिबिराचा दुसरा दिवस ठरला.

अडचण एवढीच होती की पाला शेणात होता. रविवारी सकाळी आम्ही खड्ड्याभोवती उभे राहून आत पाहिलं. वेदांतने काठीने थोडा वर काढला. तो पाला राहिला नव्हता, ते एक प्रकारचं भरीत झालं होतं.

"ताई, हा वाळवून टाकायचा का?"

"नाही. नवा आणायचा."

मग मुलं जंगलात गेली, सागाच्या झाडांखालून मोठमोठी वाळकी पानं पोत्यांत भरून आणली आणि मोहांखाली पसरू लागली. आदल्या दिवशी मी त्यांना सांगितलं होतं की झाडाखाली पाला असणं हा जंगलाशी द्रोह आहे. आज मी म्हणत होते, "नीट पसरा, कडेपर्यंत जाऊ द्या, इकडे विरळ दिसतंय." एका मुलीने विचारलं, "ताई, याचेपण तास धरतात?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मग कालचे वजा होतील का?" मी रिकामं पोतं तिच्या हातात दिलं. सरळ बाईच्या मनात सरळ प्रश्नाचं उत्तर असतं. माझ्या मनात पाला होता.

आम्ही निम्म्यावर आलो असू, तेव्हा मोटारसायकल येऊन थांबली. फॉरेस्ट गार्ड. मार्च महिना, कडक ऊन, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अनोळखी पोरं प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी वाळका पाला रचतायत. मी त्याच्या जागी असते तर आधी शिट्टी मारली असती. तो सभ्य होता, त्याने विचारलं.

"काय चालू हाये?"

"पाला टाकतोय," वेदांत म्हणाला.

"काऊन?"

"आगविरोधी अभियान आहे."

गार्डने हेल्मेट काढलं. "मुखिया कोण हाये तुमचा?"

मी पुढे झाले आणि (मला अजूनही कळत नाही की का) त्याला पत्रक दिलं. बहुधा हात आपोआप गेला. तो मोठ्याने वाचू लागला. "'वणव्याचं पहिलं कारण म्हणजे झाडाखाली साचलेला पाला.'" त्याने झाडाखाली पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. परत कागदाकडे. "'हा पाला टाकणारे हात कोणाचे आहेत?'" (हे मी अलंकारिक अर्थाने लिहिलं होतं.) "सांगा ना ताई, कोणाचे हायेत?"

तेवढ्यात बिजारामभाऊ आले. मला वाटलं, सुटले. ते गार्डला म्हणाले, "करू द्या सायब. थे चोरी वापस करून राह्यली."

गार्ड हेल्मेट मांडीवर ठेवून तिथेच बसला. सगळ्या मुलांचे खिसे त्याने तपासायला लावले, स्वयंपाकाच्या पेटीतली काडेपेटी स्वतःच्या खिशात टाकली, आणि शेवटचं पोतं रिकामं होईपर्यंत हलला नाही. दुपारी काडेपेटी नसल्याने आम्ही पोहे भिजवून कच्चेच खाल्ले. त्यालाही दिले. त्याने खाल्ले आणि म्हणाला, "मीठ कमी हाये."

आणि मग मी या दोन दिवसांतली माझी सगळ्यात मोठी समाजसेवा केली. नाल्यापाशी आत्याची तीन झाडं होती, दोन अलीकडे, एक पलीकडे. मुलं तिथे थबकली.

"ताई, ही तर त्यांचीच होती ना आधीपासून? इथे नाही टाकला तर चालेल."

आता यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. पण मी पत्रकवाली. माझ्या मनात लगेच मथळा उमटला: 'नातेवाइकांना सवलत'. मी म्हणाले, "टाका. माझी आत्या आहे म्हणून तिला वेगळा न्याय नाही." आणि कोणी ऐकलं नसेल तर, म्हणून पुन्हा जरा मोठ्याने म्हणाले.

आत्या नाल्यावर भांडी घासत होती. तिने ऐकलं. राखेचा हात तसाच ठेवून ती वर आली. "अवो पोरी, माह्ये तं माह्येच होते. त्यायच्याखाली काऊन टाकून राह्यली?"

"आत्या, तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्व ठेव तुह्या घरी," आत्या म्हणाली. पण तोवर पाला पडला होता, आणि मी स्वतःच्या हाताने तो बुंध्याभोवती सारखा केला होता.

संध्याकाळच्या बसने मुलं त्यांच्या शिक्षकांबरोबर परत गेली, अत्यंत आनंदात. दुप्पट तास. मी राहिले. मलाही पळायचं होतं, पण चपला घालताना आत्याकडे पाहिलं आणि घातलेली चप्पल काढली. ती चुलीपाशी बसली होती आणि भात शिजवत नव्हती, नुसती बसली होती.

"आत्या, रागावलीस?"

"मी काय रागावू." ती लाकूड पुढे सारत राहिली. "तुहा आतोबा गेला तवापासून हे तीन झाडं हायेत. वरसाचं तेलमीठ त्याच्यावर निंगते. एकट्या बाईचे तीन झाडं, अन धट्टेकट्टे गडी हायेत गावात, तरी कोणं हात नाई लावला. काऊन नाई लावला? मी नियमानं वागली म्हून. आता सारा गाव म्हन्ते, सुमननं नियम मोडला. आता उद्या कोणं माह्या झाडाखाली माह्या आंधी खराटा मारला, तं मी त्याले काय दाखवू? सातबारा हाये का माह्यापाशी?"

माझ्याजवळ पंचवीस कल्पना होत्या, छापलेल्या.

"मी सांगेन गावाला की चूक माझी होती," मी म्हटलं.

"तू नोको सांगू. तू सांगतलं का वाढते."

भात शेवटी मी शिजवला. तो खाली लागला. आत्याने तो खरवडीसकट खाल्ला. बाहेर माकडं आली होती. कुंपण आता उघडं होतं, पोपटी साडी नव्हती, त्यामुळे ती वांग्यांच्या वाफ्यात आरामात बसून खात होती. आत्याने उठून त्यांच्याकडे पाहिलं आणि परत येऊन बसली. "खाऊ दे," म्हणाली. "सेवा झाली."

पहाटे आत्या उठली तेव्हा अजून नीट दिसत नव्हतं. तिचा गुडघा सकाळी लवकर ऐकत नाही. मी खराटा घ्यायला गेले तर तिने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"मी झाडते ना, आत्या. तू फक्त चिंधी बांध."

"तू झाडलं तं झाड तुहं होईन. मंग मले तुह्याजवळ मागा लागन."

"मी लगेच देईन की."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की वाक्य पुरतं व्हायच्या आत मला बैठक आठवली. मी तिच्या मागून, रिकाम्या हाताने, अंतर ठेवून चालू लागले. वाटेत इतर घरंही निघाली होती. खराट्यांचा खर्र खर्र आवाज सगळ्या जंगलातून येत होता. मला पाहिलं की आवाज थांबायचा आणि मी पुढे गेले की परत सुरू व्हायचा.

आत्याच्या पहिल्या झाडाखाली पाला जसाच्या तसा. आत्याने सुस्कारा सोडला आणि झाडायला घेतलं. मी दूर उभी. दर दोन-चार फटकाऱ्यांनी ती गुडघ्यावर हात ठेवून थांबत होती आणि मला एक पान उचलायची परवानगी नव्हती. जन्मात इतकं अवघड काम मी केलेलं नाही. दुसऱ्या झाडाखालीही पाला जागेवर. तिथेही तिने झाडलं, जुन्या लुगड्याची चिंधी बांधली, घाम पुसला. मग आम्ही नाला ओलांडला.

तिसऱ्या झाडाखाली कोणीतरी बसलेलं होतं. मांडीवर खराटा आडवा.

आत्या जागीच थांबली. ती पारबताबाई होती. पारबताबाईची स्वतःची झाडं तिथे लागूनच आहेत, ट्रॉलीत पहिली तीच बोलली होती, आणि तिच्या घरात दोन सुना, तीन मुलगे आहेत. आणखी एक झाड त्यांना जड नव्हतं. आत्याच्या हातातला खराटा हळूहळू खाली गेला. मी पाहिलं की ती भांडायचा विचारसुद्धा करत नाही. ते मला सगळ्यात जास्त लागलं. माझ्या डोक्यात त्या क्षणी एकही घोषणा आली नाही.

"पारबता," आत्या म्हणाली. "झाडलं का वो?"

"पाह्य ना," पारबताबाई म्हणाली. "पाला दिसत नाई का? मी काऊन झाडू, माहं हाये का?"

"मंग बसली काऊन?"

"राखून राह्यली. थो पोरगा माहा, मोठा, थो तुह्या त्या दोन झाडाइकडे बसला होता. तुले येतानी पाह्यलं तवा उठला. एकट्या बाईचे झाडं हायेत, राखा तं लागते."

"कोणापासून राखून राह्यली? गावात कोण हाये असं?"

पारबताबाईने खराटा उचलला आणि त्याच्या टोकाने, अगदी सावकाश, आत्याच्या खांद्यावरून मागे माझ्याकडे दाखवलं.

"हिच्यापासून. म्हन्लं, बसनं गेली नाई, पुन्हा सेवा करन."

आत्याच्या नाकातून एक आवाज आला, मग ती खालीच बसली, पाल्यातच, आणि हसायला लागली. पारबताबाईही हसली. दोघी डोळे पुसत होत्या, मध्येच माझ्याकडे बघत होत्या आणि परत सुरू होत होत्या. मग पारबताबाईने मला नाल्यापलीकडच्या एका दगडाकडे बोट दाखवलं. "तिथी बस. हालू नोको." मी जाऊन बसले. आत्या झाडत होती, पारबताबाई बसल्या बसल्या एक डोळा माझ्यावर ठेवून होती.

त्या जंगलात वाघ आहे. अस्वलही आहे, आणि मोहाचा वास आला की अस्वल हमखास येतं, हे तिथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. इतक्या वर्षांत त्या गावाने त्यांच्यासाठी कधी झाडाखाली राखण बसवली नव्हती.